वाचक विचारतात: फर्ग्युसन साहेब नक्की कोण होता, आणि आपल्या कोल्हापूरशी त्याचा काय संबंध?

मागच्या अंकात शाहू महाराजांच्या दत्तकविधानावर लिहिताना 'तेव्हा मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन होता' असं एक वाक्य जाता जाता येऊन गेलं, आणि यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं त्या एका वाक्यावरच आली. बरंच झालं. पुण्याच्या कॉलेजमुळं नाव सगळ्यांना पाठ आहे, पण माणूस कुणालाच माहीत नाही, आणि ज्या गोष्टीत त्याचं नाव आपण कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवायला पाहिजे ती तर बाजूलाच राहिलीय. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्याच्यावरच. सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलेली पत्रं जरा आवरती घेतलीत.

प्रश्न : माझी मुलगी यंदा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजला जातेय. ती मला म्हणाली, बाबा हा फर्ग्युसन मोठा शिक्षणतज्ज्ञ होता का? मला काही सांगता आलं नाही. तुम्ही सांगा सर.
(एक पालक, राजारामपुरी)

उत्तर : शिक्षणतज्ज्ञ अजिबात नव्हता. मुलीला सांगा की हा मूळचा लष्करी अफसर, आणि स्वतः ऑक्सफर्डला जाऊन डिग्री न घेताच बाहेर पडलेला. स्कॉटलंडच्या एअरशर भागात किलकेरन नावाची यांच्या घराण्याची इस्टेट, जन्म मार्च १८३२ मधला एडिनबरोचा, शिक्षण रग्बीच्या शाळेत. १८४९ ला वडील गेले आणि कोवळ्या वयात घराण्याचा 'सर' हा किताब याच्याकडं आला. मग ऑक्सफर्ड झालं न झालं आणि ग्रेनेडियर गार्ड्समध्ये भरती झाला.

त्या काळी तिकडं बड्या जमीनदाराच्या थोरल्या पोराचा रस्ता ठरलेला असायचा, आधी पलटण, मग पार्लमेंट, जमलं तर एखाद्या वसाहतीचं गव्हर्नरपद. यानं तिन्ही केलं. १८५४ ला खासदार, १८६६ ते ६८ मध्ये आधी भारत खात्याचा आणि मग गृहखात्याचा उपमंत्री, १८६९ ला दक्षिण ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर, १८७३ ला न्यूझीलंडचा, १८८० च्या एप्रिलमध्ये आपल्या मुंबई इलाख्याचा. १८८५ ला इथनं गेला तो थेट मँचेस्टरमधनं परत खासदार, मग परराष्ट्र खात्याचा उपमंत्री, मग पोस्टमास्टर जनरल. पक्ष शेवटपर्यंत एकच, कॉन्झर्व्हेटिव्ह. कॉलेज सुरू झालं २ जानेवारी १८८५ ला आणि साहेब मुंबई सोडून गेला मार्च १८८५ ला, म्हणजे ज्याच्यासाठी आपण त्याला ओळखतो ते त्याच्या इथल्या पाच वर्षांतल्या शेवटच्या तीन महिन्यांतलं काम आहे.

प्रश्न : मी फौजेतनं रिटायर झालोय. आमच्यात नोकरीत असताना इलेक्शनचा विषयच काढायचा नसतो. मग हा माणूस लढाईवर असताना खासदार कसा काय झाला? कुठंतरी वाचलं म्हणून विचारतोय.
(माजी सैनिक, सैनिक टाकळी, ता. शिरोळ)

उत्तर : तुम्ही वाचलं ते खरंय. आणि तुमच्या गावाला हे सांगताना मला बरं वाटतंय, कारण लढाई म्हणजे काय हे तिथं घरोघरी माहीत आहे.

१८५४ ला इंग्लंड आणि फ्रान्स मिळून रशियाविरुद्ध क्रिमियात लढत होते. सेव्हस्तोपोलला वेढा पडलेला. ५ नोव्हेंबरला पहाटे, रात्रभर पाऊस पडून गेलेला आणि दाट धुकं, अशात रशियाची फौज इंकरमनच्या टेकडीवर चढून आली. समोरचा माणूस आपला का शत्रूचा तेच कळेना. वरनं हुकूम यायला वावच नव्हता, जो तो आपल्या आजूबाजूच्या पाचपन्नास लोकांना घेऊन जिथं होता तिथंच लढत राहिला, म्हणून आजही या लढाईला जनरलांची नाही, शिपायांची लढाई म्हणतात. गार्ड्सची पलटण सँडबॅग बॅटरी नावाच्या एका मोर्चावर होती. नाव बॅटरी, पण आत एकही तोफ नव्हती, नुसता मातीच्या पोत्यांचा आडोसा, आणि तेवढ्या आडोशासाठी तासन् तास संगिनींची लढाई झाली, मोर्चा हातातनं जायचा, परत घ्यायचे, परत जायचा. फर्ग्युसन तेव्हा बावीस वर्षांचा होता. तो जखमी झाला. त्याचा मित्र कर्नल हंटर ब्लेअर त्याच लढाईत पडला.

हा ब्लेअर एअरशरचा खासदारही होता. आता तुमचा प्रश्न. तेव्हा ब्रिटिश लष्करातल्या अफसराला खासदार व्हायला बंदी नव्हती, उलट पार्लमेंटात लष्करी माणसं भरपूर असायची. अफसराचा हुद्दा पैसे मोजून विकत घ्यायची पद्धत होती, ती १८७१ ला बंद झाली, आणि खासदाराला पगार नव्हता, तो १९११ ला सुरू झाला. म्हणजे दोन्हीकडं पैसेवाल्या घरातलीच पोरं. मतदानही मालमत्ता असलेल्या पुरुषांनाच, आणि उघड, नाव सांगून. गुप्त मतदान १८७२ ला आलं. तर ब्लेअरच्या मोकळ्या जागेवर डिसेंबर १८५४ ला एअरशरच्या मतदारांनी त्याच्या मित्राला निवडून दिलं, आणि उमेदवार कुठं, तर क्रिमियात छावणीत. प्रचाराला आलाच नाही. पुढं १८५५ ला सेनापती लॉर्ड रॅग्लननंच त्याला सांगितलं की आता घरी जा आणि पार्लमेंटात बस.

१८५७ च्या इलेक्शनला पडला, १८५९ ला परत आला, आणि त्याच वर्षी पलटण सोडली. खरी लढाई त्यानं क्रिमियातच काय ती बघितली, पण तिच्यात पळपुटेपणा केला नाही हे मान्य करायला पाहिजे.

प्रश्न : फर्ग्युसन हा डलहौसीचा जावई होता असं आमच्या आजोबांकडनं ऐकलेलं. ते साताऱ्याचे, त्यामुळं डलहौसीवर त्यांचा राग होता. हे खरं का नुसतं बोलणं?
(एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : आजोबा बरोबर सांगत होते. ऑगस्ट १८५९ मध्ये फर्ग्युसनचं लग्न झालं ते लेडी एडिथ रॅम्सेशी, आणि ती लॉर्ड डलहौसीची धाकटी मुलगी. डलहौसी १८५६ ला आजारी होऊन इथनं परतला आणि डिसेंबर १८६० ला वारला, म्हणजे लग्नाच्या वेळी हयात होता.

आणि हे नातं आपल्या इतिहासात कसं येऊन बसतं बघा. १८४८ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याचे शहाजी महाराज म्हणजे आप्पासाहेब वारले, जाण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता, तो डलहौसीनं मानला नाही आणि छत्रपतींचं सातारचं राज्य खालसा करून टाकलं. नंतर झाशी, नागपूर. आणि जवळजवळ छत्तीस वर्षांनी छत्रपतींची दुसरी गादी, आपली करवीरची, वारसाशिवाय पडली तेव्हा मुंबईत गव्हर्नर कोण, तर त्याच डलहौसीचा जावई. यावेळी दत्तक मंजूर झाला, आणि तो दत्तक म्हणजे कागलचे यशवंतराव घाटगे, आपले शाहू महाराज.

पण म्हणून जावयानं सासऱ्याचं पाप फेडलं असं कुणी लिहू नका, काही लोक भाषणात असं बोलतात ते चूक आहे. धोरण आधीच बदललं होतं. १८५७ चा दणका बसला, १८५८ ला राणीचा जाहीरनामा निघाला, १८६२ ला व्हाइसरॉय कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. कोल्हापूरच्या गादीवर तर लागोपाठ तीन दत्तक आलेत, १८६६ ला राजाराम महाराज, १८७१ ला चौथे शिवाजी महाराज आणि १८८४ ला शाहू महाराज. फर्ग्युसनच्या जागी दुसरा कुणी असता तरी दत्तक झालाच असता. त्याच्या हातात जे होतं ते वेगळंच होतं, ते खाली सांगतो.

प्रश्न : माझा मुलगा ॲडलेडला असतो. तिथंही या फर्ग्युसनचं काही आहे म्हणतो.
(एक आजी, ताराबाई पार्क)

उत्तर : आहे की आजी. जेम्सटाउन नावाचं गाव याच्याच नावावरनं आहे आणि समुद्राकाठचं एडिथबर्ग हे त्याच्या बायकोच्या नावावरनं. याच्याच कारकिर्दीत ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यापासनं उत्तरेला डार्विनपर्यंत वाळवंटातनं तीन हजार किलोमीटरपेक्षा लांब तारयंत्राची लाइन टाकली, ऑगस्ट १८७२ ला ती जोडली गेली. पण त्याआधीच, १८७१ ला, लेडी एडिथ ॲडलेडलाच वारली. पुढं त्यानं ऑस्ट्रेलियातल्याच ऑलिव्ह रिचमनशी लग्न केलं, ती त्याच्याबरोबर मुंबईला आली आणि जानेवारी १८८२ मध्ये मुंबईत कॉलऱ्यानं गेली. गव्हर्नरच्या बंगल्यातही कॉलरा शिरायचा असे ते दिवस. न्यूझीलंडला तो दीड वर्षसुद्धा राहिला नाही, त्यामुळं तिथलं सांगण्यासारखं फार नाही.

प्रश्न : आमच्या चौथ्या शिवाजी महाराजांचं जे झालं त्यात या फर्ग्युसनचा हात होता का? स्पष्ट सांगा.
(जुना राजवाडा परिसर, शिवाजी पेठ आणि कसबा बावड्यातनं आलेली पत्रं)

उत्तर : त्यानं स्वतः कट केला असं म्हणायला पुरावा नाही. पण जबाबदारी त्याची होती, आणि ती मी कमी करून सांगणार नाही.

आधी हकीकत सांगतो, कारण नव्या पिढीतल्या कितीतरी पोरांना शाहू महाराजांच्या आधी गादीवर कोण होतं हेच माहीत नसतं. राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि परतताना इटलीत फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबर १८७० ला वारले, आर्नो नदीच्या काठावर त्यांचं दहन झालं. वय वीस. त्यांच्यामागं सावर्डेकर भोसल्यांच्या घरातले नारायणराव दत्तक आले, तेच चौथे शिवाजी महाराज, तेव्हा आठ वर्षांचे. राजा लहान म्हणून सगळा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली, वर पॉलिटिकल एजंट आणि खाली कारभारी. पुढं कारभारी म्हणून माधवराव बर्वे आले. महाराज वयात येत गेले तसं सरकारकडनं सांगायला लागले की यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि गावात लोक बोलायला लागले की महाराजांना मारतात, छळतात, मुद्दाम वेडं ठरवतायत.

१८८१ च्या शेवटाला केसरी आणि मराठानं हा विषय हातात घेतला. केसरी सुरू होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. टिळक आणि आगरकर या पुण्याच्या दोन पंचविशीतल्या पोरांनी कोल्हापूरच्या राजासाठी एवढं रान उठवलं हे आपण विसरायला नको. अडचण अशी झाली की बर्व्यांविरुद्धची जी पत्रं त्यांच्या हाती दिली गेली होती ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, संपादकांनी माफी मागितली, तरी खटला चालला, आणि जुलै १८८२ मध्ये मुंबई हायकोर्टात टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची साधी कैद झाली. टिळकांचा हा पहिला तुरुंगवास, आणि तो कोल्हापूरपायी. खटल्याच्या वेळी दहा हजारांचा जामीन द्यायला पुढं आले ते रामशेठ उरवणे, सत्यशोधक समाजाचे, जोतीराव फुल्यांच्या शब्दावर. केसरीवाल्यांचं आणि फुल्यांचं जमत नव्हतं हे जगजाहीर, पण एका मराठा राजावर अन्याय होतोय म्हटल्यावर माणसं उभी राहिली. ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठी वाटते. डोंगरीच्या तुरुंगात दोघं एका खोलीत, रात्र रात्र देशकारणावर मोठ्यानं वाद घालायचे, एकशे एक दिवसांनी २६ ऑक्टोबरला सुटले तेव्हा दारात लोकांची गर्दी जमलेली.

आणि ज्यांच्यासाठी हे झालं त्या महाराजांचं काय, तर १८८२ ला रीजन्सी, म्हणजे राजाच्या वतीनं कारभार बघणारी व्यवस्था, नेमली गेली, कागलकर जयसिंगराव आबासाहेब घाटगे रीजंट झाले, आणि महाराजांना पुढं नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. आपल्या राज्याबाहेर, एका किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जरच्या ताब्यात. २५ डिसेंबर १८८३ ला त्या ग्रीनशी झटापट झाली आणि महाराज गेले. वय परत वीसच. झटापटीत झालेल्या दुखापतीनं गेले हे सरकारचं सांगणं कोल्हापुरानं तेव्हाही मानलं नाही आणि अजूनही जुन्या घरांत हा विषय निघाला की आवाज चढतात.

आता फर्ग्युसन. कोल्हापूर मुंबई सरकारच्या देखरेखीखालचं संस्थान, पॉलिटिकल एजंट मुंबईला रिपोर्ट करायचा, आणि मुंबई सरकारचा प्रमुख हा. केसरीचे लेख आले तेव्हा हाच, खटला झाला तेव्हा हाच, नगरला ठेवलं तेव्हा हाच, महाराज गेले तेव्हाही हाच. एवढी बोंब उठल्यावर, राजधानीत खटला गाजल्यावर, आजारी म्हटल्या जाणाऱ्या वीस वर्षांच्या राजाच्या अंगावर हात टाकू शकेल असा सोल्जर त्याच्याजवळ राहतो कसा, हा प्रश्न गव्हर्नरला पडायला पाहिजे होता. बर्व्यांची अब्रू कोर्टानं राखली, ते कायद्यानं झालं, बनावट पत्रांवर दुसरं काय होणार. पण पत्रं बनावट होती म्हणजे महाराजांचे हाल खोटे होते असं होत नाही, आणि ख्रिसमसच्या दिवशी नगरला जे झालं ते बघितल्यावर तर टिळक आगरकरांची शंका मुळात किती रास्त होती ते कळतं. इंकरमनला स्वतः जखम झेललेल्या माणसाला शिपायाच्या हातातली ताकद काय करते हे मी सांगायची गरज नव्हती. त्याची बायको त्याच धामधुमीत, जानेवारी १८८२ ला गेली, माणूस म्हणून त्याचं वाईट वाटतं. पण नगरचा प्रसंग त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी घडलाय.

पुढं १७ मार्च १८८४ ला महाराजांच्या राणी आनंदीबाईसाहेब यांनी यशवंतरावांना दत्तक घेतलं, नऊ वर्षांचे शाहू महाराज गादीवर आले. बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.

प्रश्न : मग मला हेच कळत नाही, ज्या सरकारच्या काळात टिळक आगरकरांनी तुरुंग भोगला त्याच गव्हर्नरचं नाव त्यांनी आपल्या कॉलेजला कसं काय दिलं? स्वाभिमान कुठं गेला?
(बी.ए. इतिहासचा विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर : भावा, प्रश्न रास्त आहे, पण एक गाठ आधी सोडव. त्यांना तुरुंगात टाकलं ते कोर्टानं, बर्व्यांच्या फिर्यादीवर, गव्हर्नरनं थेट नाही. हा फरक त्या दोघांनाही चांगला माहीत होता.

आता त्यांची अडचण बघ. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल काढलं. मार्च १८८२ ला विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, म्हणजे ज्यानं सुरुवात केली तोच गेला. त्यात तुरुंग. तरी शाळा चालली, वाढली, आणि आता कॉलेज काढायचं. कॉलेजला युनिव्हर्सिटीची मान्यता लागते, ग्रँट लागते, जागा लागते, आणि संस्थानिक आणि सरदार पैसे देणार ते सरकारची नाराजी नाही ना हे बघूनच देणार. सरकारच्या मनात राजद्रोही म्हणून खूण झालेल्या मास्तरांना कोण देतो वर्गणी? म्हणून २४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी रीतसर स्थापन केली, वेडरबर्नसारखा सहानुभूती असलेला इंग्रज जोडीला घेतला, आणि गव्हर्नरचं नाव कॉलेजला घेतलं. त्यानं बाराशे रुपये दिले. उद्घाटन शनिवार पेठेत गद्रे वाड्यात झालं, एल्फिन्स्टनचे प्रिन्सिपॉल वर्ड्सवर्थ यांच्या हातनं, कवी वर्ड्सवर्थचे हे नातू.

मला यात स्वाभिमान गेलेला दिसत नाही. नाव साहेबाचं, पण आत शिकवणारे सगळे आपले, पगार कमी घेऊन आयुष्य वाहिलेले, आणि संस्थेचा कारभार आपल्या हातात. सरकारी डेक्कन कॉलेज शेजारी असताना हे उभं करणं सोपं नव्हतं. फर्ग्युसननं नाव दिलं हे त्याचं चांगलं काम, ते नाकारायचं कारण नाही, पण कॉलेज त्यानं काढलं असं कुणी म्हटलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. आणि आपल्या अभिमानाची एक गोष्ट सांगतो, गोपाळ कृष्ण गोखले लहानपणी कागलला आणि मग कोल्हापुरात शिकले, आपल्या राजाराम कॉलेजात होते, आणि पुढं १९०२ पर्यंत त्याच फर्ग्युसनमध्ये प्रोफेसर. म्हणजे त्या कॉलेजच्या पायात कोल्हापूरचंही काही गेलंय.

प्रश्न : मुलींच्या शिक्षणाशी फर्ग्युसनचा काही संबंध येतो का? शाळेत प्रकल्प आहे.
(एक शिक्षिका, गडहिंग्लज)

उत्तर : येतो बाई, आणि तो प्रकल्पात जरूर घ्या. १८८४ ला पुण्यात मुलींचं हायस्कूल काढावं म्हणून सभा झाली, गव्हर्नर फर्ग्युसन समोर, आणि त्याच्यापुढं इंग्रजीतनं ही मागणी मांडली ती रमाबाई रानड्यांनी. वय फक्त बावीस. लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती, नवऱ्यानं शिकवलं, घरातल्या मोठ्या बायकांचा रोष सोसून शिकल्या, आणि गोऱ्या गव्हर्नरसमोर उभं राहून बोलल्या. त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा सुरू झाली. प्रकल्पात फोटो कुणाचा मोठा लावायचा ते तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : आमच्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. हा फर्ग्युसन मँचेस्टरचा खासदार होता असं कळलं. गिरणीवाल्यांनी त्याला निवडून दिला का कामगारांनी?
(यंत्रमागधारक, इचलकरंजी)

उत्तर : १८८५ पासनं १९०६ पर्यंत, एकवीस वर्षं तो मँचेस्टर नॉर्थ ईस्टचा खासदार होता. एकदा नाही तीनदा त्याच्यासमोर मँचेस्टर गार्डियनचा संपादक सी. पी. स्कॉट उभा राहिला, १८८६, १८९१ आणि १८९२ ला, आणि तिन्ही वेळा फर्ग्युसननं त्याला पाडलं. एवढा मोठा पेपर हातात असून उपयोग झाला नाही. शेवटी १९०६ ला त्याला हरवलं कुणी, तर जे. आर. क्लाइन्सनं, मजूर पक्षाचा, जो दहाव्या वर्षी कापडगिरणीत तुटलेले धागे जोडायच्या कामाला लागला होता. तुमच्या गावात हे वाचल्यावर काय वाटेल ते मला कळतंय. हाच क्लाइन्स पुढं १९२९ ला इंग्लंडचा गृहमंत्री झाला.

हरल्यावर फर्ग्युसन घरी बसला नाही. कापसाच्या लागवडीच्या कामानं वेस्ट इंडिजमध्ये जमैकाला गेला, आणि १४ जानेवारी १९०७ ला दुपारी किंग्स्टन शहरात मोठा भूकंप झाला, मागोमाग आग लागली, आठशे ते हजार माणसं गेली. त्यात हाही गेला. वय चौऱ्याहत्तर.

प्रश्न : त्याचा पुतळा कुठं आहे का? आणि वंशजांपैकी कुणी भारतात परत आलं का?
(एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : पुतळा स्कॉटलंडमध्ये एअर गावात वेलिंग्टन स्क्वेअरला आहे. त्याच चौकात जनरल नीलचाही आहे, हा नील म्हणजे १८५७ ला अलाहाबाद आणि कानपुरात ज्यानं पकडलेल्या माणसांवर अमानुष अत्याचार केले तोच. कधी तिकडं गेलात तर दोन्ही बघून या, म्हणजे त्या गावानं आपल्या देशात कोण कोण पाठवलं ते कळेल.

वंशजांचं म्हणाल तर मुलगा सर चार्ल्स फर्ग्युसन पहिल्या महायुद्धात जनरल होता आणि १९२४ ते ३० न्यूझीलंडचा गव्हर्नर जनरल. नातू बर्नार्ड फर्ग्युसन दुसऱ्या महायुद्धात भारतात होता, विंगेटच्या चिंडिट फौजेतनं १९४३ ला ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांच्या पिछाडीला उतरला आणि अर्धपोटी पायी परत आला. तोही १९६२ ते ६७ न्यूझीलंडचा गव्हर्नर जनरल झाला, म्हणजे आजोबा, बाप आणि नातू तिघंही एकाच देशात.